मामीने निवडलेली कुऱ्हाड

मामीला कुठलीही वस्तू झटकन घेता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालेलं. ती पडद्याचं कापड घ्यायला गेली की दुकानदार निमूटपणे स्टूल ओढून बसायचा. मामाला होकार द्यायलासुद्धा तिने दीड वर्ष लावलं. "तेवढ्यात माझ्या चार लिफ्ट बसवून झाल्या," असं मामा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मामा लिफ्टचा कारागीर. मामी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. प्लास्टरचे जबडे समोर मांडून दिवसभर एकेक दात घासायचा, बसवून बघायचा, जरा टोचेल अशी शंका आली की पुन्हा काढायचा. हात अगदी स्थिर आणि स्वभाव चिवट.

माझी आई बरोबर उलट. ती मामाची धाकटी बहीण, म्हणजे मामीची नणंद. शाळेत खेळाची शिक्षिका, आणि घरातही गळ्यात शिट्टी असल्यासारखीच वावरते. मी शाळेत जायच्याही आधीपासून ती हिवाळ्यात बर्फाचे डोंगर चढते. तिच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कायम एक मैत्रीण असायची. त्या मैत्रिणीचे गुडघे गेले, तेव्हा आईने नवा जोडीदार शोधायची तसदी घेतली नाही. सरळ वरच्या मजल्यावर मामाकडे गेली आणि मामीला म्हणाली, "वहिनी, आता तू."

मामीने हो का म्हटलं, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली तरी "अहो, धरा, धरा" करणारी ती बाई. पण गेली. पहिला हिवाळा तिने रडत काढला, दुसरा गप्प राहून. तिसऱ्या हिवाळ्यात आईच्या आधी तीच सामान भरून दारात उभी राहायला लागली.

इतके दिवस ती आईची जुनी कुऱ्हाड वापरत होती. बर्फाची कुऱ्हाड म्हणजे लाकडं फोडायची नव्हे. हातात मावेल असा दांडा, डोक्याला एका बाजूला लांब चोच, दुसऱ्या बाजूला खुरप्यासारखं पसरट पातं किंवा हातोडी, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला अणी. चालताना तीच काठी, चढताना तीच पकड आणि पाय घसरला तर तोच ब्रेक. त्या जुन्या कुऱ्हाडीचं डोकं हलायला लागलं होतं. आणि आईने तर यंदा मामीला उत्तरेच्या घळीतून वर न्यायचं ठरवलेलं. दोन भिंतींच्या मधे गोठलेली, शिडीसारखी उभी होत जाणारी ती घळ. थंडी चांगली धरली होती. रविवारी निघायचंच, म्हणून आदल्या आठवड्यात मी दोघींना गाडीतून दुकानात घेऊन गेले.

दुकान तळघरात होतं. पायऱ्या उतरतानाच नव्या दोरांचा आणि रबराचा वास यायचा. दुकानदार स्वतः जुना गिर्यारोहक. थंडीने त्याच्या नाकाचा शेंडा खाल्लेला, म्हणून सगळे त्याला नाकोबा म्हणत, आणि तोही ओ देत असे.

आईने भिंतीवरून एक कुऱ्हाड उचलली आणि मामीच्या हातात दिली. "ही घे. माझ्याकडे हीच आहे."

धनुष्यासारखा वाकलेला आखूड दांडा, खाली बोटांना आधार, आणि चोच अशी तीव्र वळलेली, की बघूनच अंगावर काटा यावा. मामीने ती उलटसुलट केली, हवेत एकदा फिरवली आणि विचारलं, "घळ संपली की खाली कुठून यायचं?"

"मागच्या उतारावरून. त्यात काय, चालत यायचं."

"मग चालताना ही टेकायची कशी? कंबरेत वाकून?"

"पाठीला लावायची."

"आणि पाठीला असताना घसरले तर?"

नाकोबाने सवयीने स्टूल ओढलं आणि बसला.

मामीने पर्समधून जाड हातमोजे काढले. घरूनच आणले होते. ते घालून तिने भिंतीवरची एकेक कुऱ्हाड हातात घ्यायला सुरुवात केली. उभं राहून हात सैल सोडायचा आणि दांड्याचं टोक घोट्यापर्यंत पोचतंय का बघायचं. लांब असेल तर चढावर अडचण, फारच आखूड असेल तर उतारावर टेकत नाही. मग डोक्यावर पंजा ठेवून तळहाताला काही रुततंय का ते चाचपायचं. एक फार हलकी होती, ती तिने परत टांगली. "ही बर्फात शिरायच्या आधी त्याची परवानगी मागेल," म्हणाली.

"आणि अशी जास्त वळलेली चोच," तिने नाकोबाला विचारलं, "घसरताना रोवली तर?"

"रुतते की. कडक बर्फात तर एकदम रुतते. इतकी, की वेगात असलं तर हातातून हिसकली जाते," नाकोबा म्हणाला. "ती उभ्या बर्फाची चोच आहे. तिथे तशीच पाहिजे."

शेवटी तिने एक बाजूला काढली. दांडा वरच्या भागात किंचित वाकलेला, खाली पूर्ण सरळ. चोच बेताची वळलेली, मागे हातोडीऐवजी पातं. दांड्यावर गोलात 'टी' असा ठसा होता. आडवी पुरून तिला दोर बांधला तरी दांडा टिकेल, असा त्याचा अर्थ, नाकोबाने सांगितलं. मामीने ठशावरून अंगठा फिरवला.

"पातं कशाला?" आई म्हणाली. "डोंगरावर झाडं लावायचीयेत?"

"असू दे."

"वहिनी, घळीच्या वरच्या टप्प्यात ही उसळणार. मी सांगतेय ना. तुझं नेहमीचंच आहे हे. सगळ्यात मधलं शोधायचं. ना धड हे, ना धड ते."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती बुटांकडे बघायला लागली. मामीचे कान लाल झाले. पण आवाज चढला नाही.

"वन्सं, वर तुम्ही न्यालच मला. खाली यायचं तेवढं माझं मला बघू द्या."

आई तडक पायऱ्या चढून गाडीत जाऊन बसली. मामीने पैसे दिले आणि तीच कुऱ्हाड घेऊन मागे बसली. रस्त्यात प्रत्येक सिग्नल लाल मिळाला.

रविवारी त्या तरीही गेल्या. मी त्यांना पहाटे डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. संध्याकाळी मागच्या बाजूच्या रस्त्यावर न्यायला यायचं ठरलं. पुढचं मला दोघींकडून कळलं. दोघींचं सांगणं फारसं जुळत नाही. जिथे जुळलं नाही तिथे मी मामीचं धरलंय, कारण तिखटमीठ लावणं तिला जमत नाही.

घळीत आई पुढे होती, दोन्ही हातांत दोन कुऱ्हाडी. मामी मागून, वरून सोडलेल्या दोरावर, तिची एकच. खालचा अर्धा भाग सुरेख गेला. वरच्या उभ्या टप्प्यात मात्र आई म्हणाली होती तसंच झालं. मामीची चोच कडक बर्फावर आपटायची आणि उसळायची. तीनतीनदा मारावं तेव्हा एकदा धरायची. वरून आईचा आवाज आला, "बघ! म्हटलं होतं की नाही!" मामीने दात आवळून पुन्हा हात उचलला. ती वर पोचली तेव्हा हाताची बोटं मिटत नव्हती, आणि ठरवलेली वेळ केव्हाच टळून गेली होती.

हा उशीर नडला. त्या मागच्या उताराला लागेपर्यंत ढग खाली आले. आधी समोरची शिखरं गेली, मग उतार गेला. मग बारा-पंधरा पावलांवरचं माणूससुद्धा पुसट व्हायला लागलं. तो उतार मधे फुगीर आहे. वरून बघितलं तर सरळ खाली गेल्यासारखा वाटतो, पण फुगवट्याच्या पलीकडे डावीकडे वळावं लागतं. न वळता खाली गेलं तर कडा.

"तुम्ही मागे थांबा, वरच्या बाजूला," मामी म्हणाली. जास्त अनुभवी माणसाने उतरताना वर राहावं, हे आईनेच तिला शिकवलेलं.

"रस्ता मला माहितीये. मी पुढे," आई म्हणाली.

दोघींच्या मधे दोर. आईने एक कुऱ्हाड पाठीला लावलेली, दुसरी हातात. ती टेकायला वाकावं लागत होतं, म्हणून ती नुसतीच धरून चालली होती. वर ताजा ओलसर बर्फ, खाली टणक. बुटांना बांधलेल्या लोखंडी खिळ्यांखाली बर्फाचे गोळे जमत होते. दर थोड्या पावलांनी थांबून बुटावर कुऱ्हाड मारून ते पाडायचे. मामी पाडत होती. आईला वळणाची घाई झाली होती.

मामीला किंकाळी ऐकू आली नाही. वाऱ्याने ती कुठल्याकुठे नेली. तिला फक्त दिसलं, की पायाजवळचा सैल दोर एकाएकी सुळसुळत पुढे चालला आहे.

तिने विचार केला नाही. कुऱ्हाड छातीशी आडवी धरून ती उतारावर पालथी पडली. चोच खांद्याशेजारी बर्फात, अंगाचा सगळा भार तिच्यावर, खिळे अडकून उलटू नये म्हणून पावलं वर उचललेली. मग कंबरेला हिसका बसला. ती खेचली गेली. चोच बर्फ फाडत चालली, कर्र कर्र करत. थांबेना, थांबेना, आणि मग थांबली.

तोंडात बर्फ, गळ्याखालच्या हाडाखाली पातं रुतलेलं. दोर तारेसारखा ताठ, फुगवट्याच्या पलीकडे गेलेला. पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं.

"वन्सं!"

उत्तर नाही. तिने आणखी दोनदा हाक मारली. मग श्वास जपायला गप्प बसली.

किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही. हात बधिर व्हायला लागले. तिने बुटांची टोकं हळूच खाली आणून एकेक लाथ मारत बर्फात बसवली. आणि तेवढ्यात दोर सैल पडला.

मामी म्हणते, त्या दिवसातला सगळ्यात वाईट क्षण तो होता. ताठ दोराच्या टोकाला निदान माणूस असतं. सैल दोराच्या टोकाला काहीही असू शकतं. आईने स्वतःला कशाला तरी अडकवलं असेल, किंवा दोर कड्याच्या धारेवर कापला गेला असेल. किंवा आई बेशुद्ध होऊन कुठेतरी टेकली असेल आणि कुठल्याही क्षणी पुढे घरंगळेल. पुढचं काही करायचं तर मामीला कुऱ्हाड बर्फातून काढावी लागणार होती. काढली आणि तेवढ्यात पुन्हा भार आला, तर दोघी गेल्या.

तिने एका हाताने दोर घेतला आणि अलगद ओढला. कापलेला नव्हता. पलीकडे वजन होतं.

मग दोराला हिसके बसले. दोन. थांबून पुन्हा दोन.

आमच्या घरात वरच्या आणि खालच्या मजल्याला जोडणारा गरम पाण्याचा एक पाइप आहे. आईने चहा टाकला की ती चमच्याने त्याच्यावर दोनदा वाजवते, म्हणजे 'ये'. खरंच घाई असेल तर तीनदा. बाकी कुठलीही खूण डोंगरावर ठरलेली नव्हती. वाऱ्याने दोर हललाय की माणसाने हलवलाय, अशी मामीला धास्ती. तिने तीन हिसके दिले. थोड्या वेळाने खालून स्पष्ट दोन आले.

"आहे," मामी मोठ्याने स्वतःशीच म्हणाली. आणि तिने कुऱ्हाड उपसली.

आता तिला धरून ठेवायला बुटांच्या टोकांखेरीज काही नव्हतं. तिने पात्याने खणायला सुरुवात केली. आधी बसता येईल एवढी खोबण, मग तिच्यावर आडवा चर. वरचा बर्फ भुसभुशीत होता, त्याच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. तिने खाली खणलं, टणक थर लागेपर्यंत. खालून तीन हिसके आले. म्हणजे लगेच. ती खणत राहिली. पुन्हा तीन आले, या वेळी रागाने. मामीने चराची पुढची भिंत पात्याने तासली, हात घालून चाचपली, पुन्हा तासली. कुऱ्हाड ठेवून बघितली. एका बाजूला डगमगली. काढली, पुन्हा तासली.

"मी खाली एका हातावर लोंबकळतेय आणि ही बया वर कवळी बसवतेय," असं आई नंतर म्हणाली. कारण आईचं असं झालं होतं: घसरल्याबरोबर तिने हातातली कुऱ्हाड मारली, तीव्र चोच क्षणात रुतली, आई मात्र थांबली नाही. दांडा हातातून गेला आणि जाता जाता उजवा खांदा निखळवून गेला. मामीने दोर धरला तेव्हा आईचे पाय कड्याच्या काठाशी होते. डाव्या हाताने, दातांनी बंद सोडवत, तिने पाठीची दुसरी कुऱ्हाड काढून बर्फात मारली होती. तिच्यावरच ती होती, आणि कंबरेने दोराला हिसके देत होती.

अखेर कुऱ्हाड चरात बसली. मामीने तिच्या मधोमध पट्टा अडकवला, वरून बर्फ दाबला, आणि आधी थोडा, मग सगळा भार टाकून बघितला. हलली नाही. तेव्हा कुठे तिने आईचा दोर त्याला पक्का केला, स्वतःला दुसऱ्या गाठीने बांधलं आणि सरकत सरकत फुगवट्याच्या कडेपर्यंत आली.

खाली आईचं डोकं दिसलं. पलीकडे पांढरी पोकळी.

"हलू नकोस!" मामी ओरडली. "ए, ऐकतेस का? अजिबात हलू नकोस!"

इतक्या वर्षांत मामीने आईला एकदाही एकेरी हाक मारली नव्हती. आई म्हणते, खांद्यापेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

"खांदा गेलाय," आईने सांगितलं.

"कुठला?"

"उजवा."

"मग डाव्याने ये. दोर मी घेते."

तेवढ्या उतारावर आई एका हाताने, पायांच्या टोकांवर चढून आली. मामी वरून एकेक वीत दोर घेत होती. आई मधे दोनदा थांबली. एकदा ओकली. वर पोचली तेव्हा मामीने तिचा हात मफलरने गळ्यात बांधला, कपाळावरचा बर्फ पुसला आणि विचारलं, "चालवेल का हो तुम्हाला?" पुन्हा तुम्ही.

चालणं भाग होतं. मामीने चर उकरून स्वतःची कुऱ्हाड काढली आणि आईच्या डाव्या हातात दिली. "ही टेकते." उतारावर रुतून राहिलेली आईची कुऱ्हाड तिने हिसके देऊन सोडवली आणि ती स्वतःला ठेवली. मग आई पुढे आणि मामी वरच्या बाजूला, दोर आखूड धरून. मामीकडे आखूड दांडा, त्यामुळे जिथे उतार तीव्र होता तिथे ती डोंगराकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे रोवत उतरली. डावीकडचं वळण धुक्यात सापडेना. दोनदा चुकीच्या जागी जाऊन, खालचा बर्फ एकदम संपलेला बघून परत वर यावं लागलं. दुसऱ्या वेळी आई खाली बसली आणि म्हणाली, "मला नाही होत आता."

"बसा," मामी म्हणाली. "पण इथे चहा नाहीये."

आई उठली.

मी रस्त्यावर गाडीत बसले होते. हीटर चालू, काचेवर सारखी वाफ, आणि ती पुसायला माझी बाही भिजलेली. उजेड जवळजवळ गेला होता. मला आधी दोन ठिपके दिसले, मग त्यांच्यातला दोर. आई गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "हळू चालव."

हॉस्पिटलात खांदा बसवायला भूल द्यावी लागली. मामीच्या गळ्याच्या हाडाखाली पात्याच्या आकाराचा काळानिळा डाग होता. तो तिने नर्सने विचारेपर्यंत दाखवला नाही. मामा आला. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. त्याने दोघींकडे बघितलं, बाहेर गेला, आणि हॉस्पिटलच्या लिफ्टमधून नुसता वरखाली करत राहिला. "आवाज करतेय ही लिफ्ट," मला म्हणाला. डोळे लाल होते.

खरं अवघड त्यानंतर सुरू झालं. आई मामीशी बोलेनाशी झाली. भांडण असं नाही. पण पाइप वाजेना. भेटायला आलेल्यांना आई सांगायची, "मी स्वतः डाव्या हाताने अडकवलं होतं. वहिनी नसती तरी निभावलं असतं." एकदा हे सांगताना दार उघडं होतं आणि मामी जिन्यात होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वर निघून गेली. कुऱ्हाडीबद्दल ती कधी कुणाशी एक शब्द बोलली नाही. नाकोबाने विचारलं तेव्हासुद्धा म्हणाली, "उभ्या बर्फावर उसळते. वन्सं म्हणाल्या होत्या तसंच."

हे नाकोबाने आईला सांगितलं असावं.

बर्फ वितळून रस्ते कोरडे झाले होते. एका दुपारी आई मला म्हणाली, "लॅबला सोड मला." मी आत गेले ती केवळ तिला दार ढकलता येत नव्हतं म्हणून. टेबलावर प्लास्टरचे जबडे रांगेने उघडे. मामी चष्म्यावर भिंग लावून एक दाढ घासत होती. तिने मशीन बंद केलं.

आई उभीच राहिली. जबड्यांकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी वर मी थांबायला हवं होतं. तू सांगितलं होतंस."

मामीने टेबलाखालून स्टूल ओढून दिलं. आई बसली नाही.

"पुढच्या हिवाळ्यात," आई म्हणाली आणि घसा साफ केला, "मला घेऊन जाशील का?"

मामीने भिंग कपाळावर सरकवलं. पडद्याचं कापड बघावं तशी ती आईकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बहुतेक दीड वर्ष लागणार.

"हात वर करा बघू," ती म्हणाली.

आईने उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत आला आणि अडकला. ओठ आवळून तिने तो आणखी थोडा रेटला.

"अजून."

"नाही जात गं."

"मग रोज करा. माझ्यासमोर. संध्याकाळी मी खाली येत जाईन."

पुढच्या हिवाळ्यात तो हात पुरेसा वर गेला नाही, म्हणून त्या गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेल्या, डोंगराच्या एका सोप्या सोंडेवरून. उतरताना वरच्या बाजूला कोण राहणार, यावरून गाडीतच भांडत होत्या.